आजी कोणत्या देवलोकात गेली? (जैन देवांचे चार प्रकार, आणि एका मुलीचा प्रश्न)

शेंदुर्णीची_लेक

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय.

श्रावणात सासूबाई गेल्या. बारा व्रतं घेतलेली, दोन वर्षीतप (वर्षभर दिवसाआड उपवास) केलेली, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेणारी बाई. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "पुण्यात्मा होत्या, देवलोकातच गेल्या असतील." आमची सात वर्षांची लेक बाजूला बसून सगळं ऐकत होती. परवा रात्री दिवा मालवल्यावर तिने विचारलं, "मम्मी, कोणता देवलोक? आजी देव झाली तर तिला आपण दिसत असू ना? मग ती एकदा तरी का येत नाही?"

जैन थानकातल्या पाठशाळेत मी तत्त्वांचे पच्चीस बोल पाठ केले होते. पहिलाच बोल, गती चार: नरक, तिर्यंच (पशुपक्षी वगैरे), मनुष्य, देव. त्यापुढे देवांचे प्रकार धडाधडा म्हणून दाखवायचे, पण त्या रात्री काहीच आठवेना. तिला गोड बोलून झोपवता आलं असतं. मला तसं करायचं नाही. आजीने तिला कधी खोटं सांगितलं नाही.

जाणकारांनी सांगावं. सगळ्यांनी सांगावं.

गिरणाकाठ

ताई, आधी सांत्वन स्वीकारा.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राचा चौथा अध्याय याच विषयावर आहे आणि तो ग्रंथ श्वेतांबर-दिगंबर दोघेही मानतात. पहिलंच सूत्र: देवांचे चार निकाय, म्हणजे गट. भवनवासी, व्यंतर, ज्योतिष्क, वैमानिक. त्यांचे पोटभेद अनुक्रमे दहा, आठ, पाच आणि बारा. वैमानिकांत या बारा कल्पांच्याही, म्हणजे देवलोकांच्याही, वर जे आहेत ते वेगळे: नऊ ग्रैवेयक, मग विजय, वैजयंत, जयंत, अपराजित आणि सर्वार्थसिद्धी ही पाच अनुत्तर विमानं. दिगंबर परंपरेत मध्ये नऊ अनुदिशही येतात आणि कल्प सोळा मोजतात. इंद्र मात्र त्या सोळांत बाराच, त्यामुळे सूत्रातला बाराचा आकडा त्यांनाही जुळतो.

तुमच्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाला यातून अर्धं उत्तर मिळतं. ज्याची श्रद्धा सम्यक आहे असा माणूस देव झाला तर पहिल्या तीन निकायांत जात नाही, वैमानिकच होतो. आणि व्रती श्रावक जास्तीत जास्त अच्युत कल्पापर्यंत पोचतो. म्हणजे पहिल्या सौधर्म ते शेवटच्या अच्युत कल्पाच्या दरम्यान कुठेतरी.

केळीबाग_रावेर

म्हणजे आजींचा पत्ता बारा गल्ल्यांपर्यंत तरी सापडला. 🙏

धुळ्याची_पाठशाळाताई

गिरणाकाठ, बरोबर आहे, पण सात वर्षांच्या मुलीला निकाय-बिकाय सांगाल तर ती झोपून जाईल. मी अकरा वर्षं रविवारची पाठशाळा घेते. मी फळ्यावर एक उभं चित्र काढते. मध्ये आपण, म्हणजे तिर्यक्लोक. मग विचारते, देव कुठे राहतात? सगळी पोरं वर बोट दाखवतात. मी म्हणते, खाली बघा.

सगळ्यात जास्त गंमत तिथेच असते. भवनवासी देव आपल्या पायाखाली राहतात, रत्नप्रभा पृथ्वीच्या वरच्या भागांत. असुरकुमार, नागकुमार, विद्युत्कुमार, सुपर्णकुमार, अग्निकुमार, वातकुमार, स्तनितकुमार, उदधिकुमार, द्वीपकुमार, दिक्कुमार. सगळ्यांच्या नावात 'कुमार', कारण त्यांचा पेहराव, खेळणं, वागणं सगळं कुमारवयाच्या मुलांसारखं. पोरांना हे फार आवडतं. व्यंतरही खाली राहतात, शिवाय आपल्या जगातही, झाडांत, डोंगरकपारीत, ओसाड जागी. ज्योतिष्क म्हणजे सूर्य, चंद्र, ग्रह, नक्षत्रं, तारे. आपल्याला दिसतात ती त्यांची विमानं, देव आत. आणि त्या विमानांना ओढणारेही देवच असतात. सिंह, हत्ती, बैल आणि घोड्याचं रूप घेऊन चार दिशांनी जुंपलेले, सूर्याच्या विमानाला सोळा हजार.

इथे वर्गातला एखादा मुलगा हमखास म्हणतो, "ताई, देव होऊन बैल व्हायचं?" मग मी दहा दर्जे सांगते. इंद्र, सामानिक, त्रायस्त्रिंश, पारिषद, आत्मरक्ष, लोकपाल, अनीक, प्रकीर्णक, आभियोग्य, किल्बिषिक. आभियोग्य म्हणजे वाहन होणारे, सेवा करणारे. किल्बिषिक म्हणजे वेशीबाहेर ठेवलेले. देवलोकातही धनी आहेत आणि गडी आहेत, हे ऐकून मोठी माणसंसुद्धा गप्प होतात. शेजारच्या विमानातल्या देवाचं वैभव आपल्याहून मोठं दिसलं की जळणारा देवही असतो.

जन्म कसा होतो तेही मुलीला सांगा. देवांना आई-बाप नसतात, बाळपण नसतं. उपपात शय्येवर जीव उत्पन्न होतो आणि अंतर्मुहूर्तात, म्हणजे आपल्या ४८ मिनिटांच्याही आत, पूर्ण तरुण होऊन उठून बसतो. मग त्याला अभिषेक होतो, दागिने घालतात, तो जिनप्रतिमेची पूजा करतो. तुमच्या सासूबाईंचे गुडघे दुखायचे का हो? माझ्या आईचे फार दुखायचे. मी हे शिकवताना दर वेळी तेच आठवते.

शेंदुर्णीची_लेक

दोन्ही गुडघे. थानकाच्या पायऱ्या बसून बसून चढायच्या.

जिभाऊ_पारोळेकर

मी जैन नही, पन धागा वाची राहिनू. आम्हना गावमा पिप्पयवर मुंजा शे. नदीना काठे साती आसरा शेतस. मनी माय अजून तठे निवद ठेवस. ह्या तुम्हना व्यंतरमा बसतस का?

शिवाय श्रावणात आमच्याकडे कानबाईचे रोट असतात. ती तर आमची मायच. तिला कोणत्या गल्लीत टाकायचं हे कोणी सांगू नका, मी ऐकणार नाही.

गिरणाकाठ

जिभाऊ, कानबाईला कोणी हात लावणार नाही. आमच्या वाड्यातही शेजारच्या घरचा रोटाचा प्रसाद येतो.

व्यंतरांचे आठ प्रकार असे: किन्नर, किंपुरुष, महोरग, गंधर्व, यक्ष, राक्षस, भूत, पिशाच. यातले भूत-पिशाच ऐकून माणूस घाबरतो, पण इथे ती देवांची कुळं आहेत. त्यांनाही वैक्रिय (हवं ते रूप घेणारं) शरीर, त्यांनाही जन्मापासून अवधिज्ञान (दूरचं जाणणारं ज्ञान). कमीत कमी आयुष्य दहा हजार वर्षं. झाडावरचा मुंजा या कल्पनेच्या जवळ जातो खरा, पण मुंजा अतृप्त राहिलेला मुलगा असतो. व्यंतर अतृप्त म्हणून अडकलेला नसतो, त्या गतीत रीतसर जन्मलेला असतो. आयुष्य संपलं की तोही मरतो.

मांगीतुंगी_यात्री

इथे माझी जुनी शंका विचारतो. आम्ही दिगंबर सैतवाळ. घरात पद्मावती मातेचा फोटो आहे, शुक्रवारी आई ओटी भरते. सगळे म्हणतात पार्श्वनाथांची यक्षिणी. यक्ष तर व्यंतरांत येतात, पण धरणेंद्र नागकुमारांचा इंद्र, म्हणजे भवनवासी. मग पद्मावती व्यंतर की भवनवासी? मांगीतुंगीला एका पंडितजींना विचारलं तर ते म्हणाले, "पहाड चढ आधी."

धुळ्याची_पाठशाळाताई

भवनवासी. कमठ नावाचा तापस पंचाग्नी तप करत होता, त्या लाकडात नागाचं जोडपं जळत होतं. पार्श्वकुमारांनी ते बाहेर काढलं, मरता मरता त्यांच्या कानी मंत्र पडला आणि ते धरणेंद्र-पद्मावती झाले. पुढे कमठाच्या जीवाने देव होऊन पाऊस-वादळाचा उपसर्ग, म्हणजे छळ, केला तेव्हा धरणेंद्राने फणा धरला. आता हा कमठाचा जीव कुठला देव? श्वेतांबर कथेत मेघमाली, म्हणजे भवनवासी. दिगंबर कथेत संवर नावाचा ज्योतिषी देव.

तीर्थंकरांच्या सेवकांना 'यक्ष-यक्षिणी' म्हणतात ते पदाचं नाव आहे, कुळाचं नाही. शासनदेवता या अर्थाने.

सम्यक्_फक्त

स्पष्ट लिहितो, कोणी वाईट वाटून घेऊ नका. पद्मावती कोणत्या निकायातली हा प्रश्नच गौण आहे. तिची ओटी का भरायची, हा खरा प्रश्न. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात देवमूढता सांगितली आहे. वर मिळावा या आशेने रागद्वेष असलेल्या देवतांची उपासना करणं ती देवमूढता. देवगतीतला कोणताही जीव आत्मशुद्धीच्या चौदा पायऱ्यांतल्या चौथ्या गुणस्थानापुढे जाऊ शकत नाही. त्याला एक उपवास करता येत नाही, एक अणुव्रत घेता येत नाही. सर्वार्थसिद्धीतला देवसुद्धा मोक्षाला जायचा तर आधी माणूस होतो. जो आपल्याइतकंही करू शकत नाही त्याच्यापुढे हात पसरायचे?

मांगीतुंगी_यात्री

दादा, दिगंबरांतले आम्ही बीसपंथी, तुम्ही तेरापंथी. हे भांडण आपल्या आजोबांपासून चालू आहे आणि दोघांच्या आजोबांनी शेवटी एकाच पंक्तीला जेवण केलं. आई पद्मावतीकडे मोक्ष मागत नाही. तिच्या मते, ज्या देवीने भगवंतांवर छत्र धरलं तिचा मान ठेवणं म्हणजे साधर्मिकाचा मान ठेवणं. ओटी भरताना तिचा चेहरा मी पाहिलाय. तिथे याचना नसते.

सम्यक्_फक्त

मान ठेवण्याला माझा विरोध नाही. मागण्याला आहे. तुमच्या आईंबद्दल बोलायचं नव्हतं, माफ करा.

वेरूळवेडा

थोडं विषयांतर. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून वेरूळला गेलात तर ३२ क्रमांकाच्या जैन लेण्याला 'इंद्रसभा' म्हणतात. हत्तीवर बसलेली भव्य मूर्ती पाहून कोणीतरी तिला इंद्र समजलं आणि नाव पडलं. तो इंद्र नाही, यक्ष आहे. समोर आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका आहे. तिच्या डोक्यावरच्या आंब्याची पानं, फळं मी तासभर बघत बसलो होतो. इंद्र की यक्ष हा गोंधळ धाग्यातच नाही, दगडातही आहे.

चाळीसगावकर

घाट चढायच्या आधी थांबा ना राव. चाळीसगावहून अठरा-वीस किलोमीटरवर पाटणादेवी. तिथे डोंगरात नागार्जुन कोठडी म्हणून जैन लेणं आहे. आणि खाली पाटणला शके ११२८ चा शिलालेख, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला त्याचा.

हे इथे का सांगतोय? ज्योतिष्क देवांसाठी. जंबूद्वीपात दोन सूर्य, दोन चंद्र ही जैन मांडणी. लवण समुद्रावर चार-चार, धातकीखंडात बारा, कालोदधीवर बेचाळीस, पुष्करार्धात बहात्तर. बेरीज करा, माणसं राहतात तेवढ्या अडीच द्वीपांत १३२ सूर्य. आज उगवला तो उद्या उगवत नाही, उद्याचा दुसरा. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या सिद्धांतशिरोमणीत, गोलाध्यायात, याच मताला धरलंय. ध्रुवमत्स्य एका अहोरात्रात ध्रुवाभोवती फेरी पुरी करतो हे डोळ्यांनी दिसत असताना सूर्य, चंद्र, नक्षत्रं उगाच दुप्पट का करता, असं ते विचारतात. खाली त्यांच्या ग्रंथांचा मठ आणि वर डोंगरात जैन लेणं. मला ती जागा त्यासाठी फार आवडते.

केळीबाग_रावेर

मे महिन्यात रावेरला या. दोन सूर्य आहेत यावर कोणाचाही विश्वास बसेल. 😄

सम्यक्_फक्त

भास्कराचार्यांचं निरीक्षण मी मान्य करतो. मी अभियंता आहे, माझ्या मुलाला मी एकच सूर्य शिकवतो. पण त्या मांडणीकडे नुसतं चूक म्हणून बघितलं तर त्यातली मेहनत दिसत नाही. सूर्याची १८४ मंडळं (फिरण्याच्या वाटा), चंद्राची १५, उत्तरायणात आत सरकणं, दक्षिणायनात बाहेर जाणं, दिवस किती मुहूर्तांनी वाढतो-घटतो, याचं गणित त्या लोकांनी बसवलं होतं. सपाट पृथ्वी आणि मध्ये मेरू धरला तर रात्री सूर्य कुठे जातो याचं उत्तर द्यायला दुसरा सूर्य लागतो.

गिरणाकाठ

हे आवडलं. आणखी एक सूत्र जोडतो, मला संपूर्ण चौथ्या अध्यायात सगळ्यात मोठं वाटतं ते. वरवरच्या देवांत आयुष्य, प्रभाव, सुख, तेज वाढत जातं, पण गती, शरीर, परिग्रह आणि अभिमान कमी होत जातो. सौधर्मातला देव सात हात उंच, अनुत्तरातला एक हात. जितका वरचा देव तितका लहान, तितका कमी हिंडणारा, तितकं कमी सामान असलेला. ग्रैवेयकापासून वर तर कोणी कोणाचा नोकर नाही, सगळे अहमिंद्र, ज्याचा तो इंद्र. सर्वार्थसिद्धीचं आयुष्य ३३ सागरोपम (मोजता न येण्याइतकी वर्षं), तिथे श्वास ३३ पंधरवड्यांनी एकदा आणि आहाराची इच्छा ३३,००० वर्षांनी एकदा, तीही मनानेच भागते.

जिभाऊ_पारोळेकर

३३ हजार वर्षांनी एकदा जेवण! आणि त्यातही भरीत नाही! मी आपला पारोळ्यातच बरा.

धुळ्याची_पाठशाळाताई

जिभाऊ, चातुर्मासात आमच्याकडेही भरीत नसतं. वांगी बंद. शेजारच्या शेतात काड्यांवर वांगी भाजतात, त्याचा वास घरात येतो. ते चार महिने म्हणजे आमचा उपसर्गच. 😊

वासावरून आठवलं, मुलांना रोहिणेय चोराची गोष्ट सांगा ताई. देव कसा ओळखायचा ते त्यात आहे. बापाने मरताना रोहिणेयला बजावलं होतं, महावीरांचं एक अक्षरही ऐकू नकोस. तो कानांत बोटं घालून समवसरणाजवळून, म्हणजे महावीरांच्या उपदेशसभेजवळून, पळत असताना पायात काटा रुतला. काटा काढायला हात खाली घेतला तेवढ्यात चार गोष्टी कानावर पडल्या: देवांचे पाय जमिनीला टेकत नाहीत, चार बोटं वर असतात, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, गळ्यातली माळ कोमेजत नाही, मनात आलेलं काम होतं. पुढे तो पकडला गेला. मंत्री अभयकुमाराने त्याला दारू पाजून एका महालात ठेवलं. जाग आली तर भोवती अप्सरा, गंधर्व. "तू देव झालास, मागच्या जन्मी काय काय केलंस ते सांग." तो सगळ्या चोऱ्या सांगणार इतक्यात त्याने पाहिलं, यांचे पाय जमिनीवर आहेत, माळा कोमेजल्यायत, पापण्या लवतायत. तो सुटला. आणि मग त्याला वाटलं, न ऐकण्याचा प्रयत्न करून ऐकलेल्या चार वाक्यांनी जीव वाचला, तर मन लावून ऐकलं असतं तर? त्याने दीक्षा घेतली.

अमळनेरचे_नाना

लेकी, धागा दोन दिवस वाचतोय. सगळ्यांनी चांगलं लिहिलं, पण तुझ्या मुलीचा दुसरा प्रश्न तसाच राहिला. आजी येत का नाही.

हा प्रश्न आधी एकाने विचारून ठेवला आहे. आपल्या आगमांत रायपसेणीय सूत्र आहे. त्यात सेयविया नगरीचा राजा पएसी. क्रूर माणूस, आत्मा-परलोक काही न मानणारा. केशीकुमार श्रमण तिथे आले तेव्हा राजाने त्यांच्याशी वाद घातला. तो म्हणाला, माझी आजी फार धार्मिक होती, श्रमणांची उपासक होती. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ती देवलोकात गेली. तिचा माझ्यावर फार जीव होता. मग ती येऊन एकदा तरी का सांगत नाही, की बाळा, धर्म कर, मला हे असं मिळालं? ती येत नाही, म्हणजे परलोक नाही.

बघ, तोच प्रश्न. आजीबद्दलच.

केशींनी कारणं दिली. नवा जन्मलेला देव दिव्य सुखांत गुंततो. मनुष्याचं प्रेम तुटून तिथलं प्रेम जुळतं. आपल्या लोकाचा दुर्गंध चारशे-पाचशे योजनं वर जातो. राजाला त्यांनी विचारलं, तू न्हाऊन, शुभ्र वस्त्रं नेसून देवळाकडे निघालास आणि कोणी शौचकूपातून हाक मारली, ये जरा बस, तर जाशील का? आणि एक कारण मला सगळ्यांत खरं वाटतं. तो देव म्हणतो, आत्ता जातो, एका मुहूर्तात जातो. आणि त्याचा तो मुहूर्त होईपर्यंत इथली थोड्या आयुष्याची माणसं मरून गेलेली असतात.

म्हणजे सूत्र असं म्हणत नाही की आजीला यायचंच नसतं. यायचं मनात येतं. वेळ मोठा पडतो.

पुढे राजा श्रावक झाला. त्याच्याच राणीने त्याला विष दिलं. त्याने तिच्यावर मनानेही राग न धरता देह सोडला आणि तो सौधर्म कल्पात सूर्याभ देव झाला. आणि हाच सूर्याभ अवधिज्ञानाने महावीरांना आमलकप्पा नगरीत पाहून विमान घेऊन खाली आला, वंदन केलं, बत्तीस प्रकारचं नाट्य दाखवलं. आजी का येत नाही असं विचारणारा स्वतः मात्र आला.

मांगीतुंगी_यात्री

नाना, आमच्या परंपरेत ते सूत्र नाही. पण आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुन्हा वाच.

सम्यक्_फक्त

एक अवघड गोष्टही सांगावी लागेल, कारण ताईंना खोटं सांगायचं नाही. पुढच्या जन्माच्या आयुष्याचा बंध कधी, कशाचा पडला हे केवलीशिवाय, म्हणजे सर्वज्ञाशिवाय, कोणालाच कळत नाही. आजी देवच झाल्या असं ठामपणे आपण म्हणू शकत नाही. आणि देव झाल्या असतील तरी तो मुक्काम आहे. मरणाच्या सहा महिने आधी देवाची माळ कोमेजते. देव मरून पुन्हा लगेच देव होत नाही, नरकातही जात नाही. माणूस होतो किंवा तिर्यंच. ईशान कल्पापर्यंतचे देव तर रत्नांत, पाण्यात, वनस्पतीतही जन्मतात. जिथे जीव अडकला तिथे.

शेंदुर्णीची_लेक

सगळ्यांचे आभार. काल रात्री सांगितलं. पाठशाळाताईंचं उभं चित्र काढलं, पायाखालचे कुमार बघून ती हसली. सम्यक् दादा, "आपल्याला नक्की माहीत नाही" हेसुद्धा सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "पण आजीने व्रतं नक्की केली होती ना?" मी म्हटलं, हो, ते नक्की.

मग नानांची गोष्ट सांगितली. राजाची आजी, दुर्गंधाचं कारण, मुहूर्ताचं कारण. दुर्गंधावर तिने नाक धरलं. मुहूर्तावर बराच वेळ गप्प होती. मला वाटलं झोपली.

मग अंधारात म्हणाली, "म्हणजे आजी आत्ता कुठे उठून बसली असेल. अजून तिला आंघोळ घालत असतील, दागिने घालत असतील."

मी म्हटलं, असेल.

"गुडघे दुखत नसतील ना?"

नाना, सूर्याभाचं बत्तीस प्रकारचं नाट्य तिला सविस्तर ऐकायचं आहे. रविवारी दुपारी फोन करू का?

अमळनेरचे_नाना

चार वाजता कर. सामायिकाचं ध्यान आटोपून बसतो. तिलाच फोनवर दे.